सांबरा ते बेळगाव : दहा किलोमीटरची निरक्षरता

"चौतीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं. आणि परवा मलाच गाडीवरची पाटी वाचता आली नाही, बघ."

मावशीने हे हसत हसत सांगितले, पण ते हसणे वरवरचे होते. खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत तिची हयात गेली. पहिलीचा वर्ग ती मागून घेत असे. पोराच्या तोंडून पहिला जोडशब्द सुटला की तिला कोण आनंद व्हायचा! निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने ती मुलाकडे हैदराबादला असते. गेल्या वर्षी गणपतीला आठ दिवस असताना ती एकटीच विमानाने सांबऱ्याला उतरली. मुलाने तिला तिकडे 'पुष्पक' बसमध्ये बसवून दिले होते. ही बस शमशाबादच्या विमानतळावरच जाते, त्यामुळे वाचायचे काही कारणच पडले नाही. विमानातही अडचण आली नाही. अडचण आली ती स्वतःच्या जिल्ह्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर.

विमानतळाबाहेर टॅक्सी होत्या. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तिने पिशवी काखेला मारली आणि "एवढ्या पैशात मी खानापूरला चारदा जाऊन येईन" असे म्हणून ती चालत मुख्य रस्त्यावर आली. हा बेळगाव-बागलकोट रस्ता. दोन्ही बाजूंनी गाड्या येत-जात होत्या. पहिली गाडी थांबली. पाटी कानडीत. दाराशी उभ्या असलेल्या एकाला तिने विचारले, "बेळगाव?" इंजिनाच्या आवाजात त्याने मान डोलावली. गाडी बेळगावहून आली, असे त्याला सांगायचे असावे. मावशी चढली.

कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा उलगडा झाला. "आज्जी, इदु नेसरगी गाडी री," तो म्हणाला. ही गाडी शहराकडे नव्हे, तर उलट दिशेला नेसरगीकडे चालली होती. माणूस भला होता. त्याने घंटी मारून गाडी थांबवली, मावशीची पिशवी स्वतः खाली दिली आणि रस्त्यापलीकडे हात करून तिला मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले, "आज्जी, तिकडं उभं राहायचं, बेळगाव गाडी येत्या." पुढची गाडी यायला बराच वेळ लागला. ती मध्यवर्ती स्टँडवर पोचली तेव्हा गावाकडची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्री आमच्या घरी आल्यावर पाणी पिऊन झाले आणि मग तिने वरचे वाक्य उच्चारले.

यात कोणी कोणाचा अपमान केला नाही. कोणी 'कन्नड बोला' म्हणून दटावले नाही. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी व्हावी असेही काही घडले नाही. तरीही प्रस्तुत लेखकाला ही घटना साधी वाटत नाही. सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे, लाठीमार, न्यायालय आणि विधानसभा येते. तो प्रश्न विमानतळापासून शहरापर्यंतच्या दहा-अकरा किलोमीटरांत, एका बसच्या पाटीवर कसा उभा असतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

फाटकापर्यंत देवनागरी

सांबऱ्याचा विमानतळ आपल्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिशांच्या हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली. पुढे भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आले. १९६१ च्या डिसेंबरातील गोवा मुक्तीच्या कारवाईत हा तळ वापरला गेला. नागरी विमानवाहतूक मात्र बरीच वर्षे रडतखडत चालली. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. 'उडान' योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाल्यावर २०१९ पासून विमानांची वर्दळ वाढली. 'उडान' या नावाचा विस्तारच 'उडे देश का आम नागरिक' असा आहे. सामान्य माणसाने विमानात बसावे हा त्यामागचा उद्देश. आणि खरोखरच बसू लागला. पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची, हैदराबादची नोकरदार मुले आता आई-वडिलांना विमानाने बोलावतात. पायात साधी चप्पल आणि हातात पिशवी घेतलेली आपल्या खेड्यातली म्हातारी माणसे विमानतळावर दिसू लागली आहेत.

या इमारतीत मराठी माणसाला फारसे अडत नाही. त्याचे कारण गमतीचे आहे. विमानतळ केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. केंद्राच्या कार्यालयांतील फलक तीन भाषांत लावायचे असतात : आधी राज्याची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. म्हणजे बेळगावात कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. मराठी त्यात नाही. पण हिंदीची लिपी देवनागरी आणि आपलीही देवनागरीच. त्यामुळे 'आगमन', 'प्रस्थान', 'शौचालय', 'बाहर' हे शब्द मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाईसुद्धा वाचते. हिंदी न समजणारी माणसेही अक्षरे लावून अर्थ काढतात. बेळगावच्या रेल्वे स्थानकावरही हीच सोय आहे.

ही देवनागरी विमानतळाच्या फाटकापर्यंत सोबत करते. फाटक ओलांडून रस्त्यावर आलात की ती संपली. रस्त्यावरची बस राज्याच्या परिवहन मंडळाची आणि तिची पाटी राज्यभाषेत. वाचता येणारा माणूस पाच मिनिटांत निरक्षर होतो. केवळ जागा बदलली म्हणून.

आता कोणी म्हणेल, विचारायला काय झाले? तोंड आहे ना? खरे आहे. आपल्याकडे विचारत विचारतच माणूस काशीला जातो. सांबरा, मुतगा, निलजी, बसवण कुडची या सगळ्या पट्ट्यात मराठी बोलणारी माणसे मुबलक आहेत. सांबऱ्यात मराठी साहित्य संमेलन भरते. पण पाटीची गरज पडते ती कोणी सोबत नसताना, गाडी अर्धा मिनिट थांबली असताना, पाऊस पडत असताना, अंधार पडल्यावर. आणि ज्याला सतत विचारावे लागते त्याचा हळूहळू आत्मविश्वास जातो. मग तो प्रवासच टाळू लागतो. 'मुलगा न्यायला आला तरच येते' असे म्हणणाऱ्या आपल्या गावातल्या किती आयाबाया आहेत, ते मोजून पाहा.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली. राज्यातील रहिवासी महिलेने ओळखपत्र दाखवले की साध्या बसमध्ये शून्य रकमेचे तिकीट मिळते. आपल्या सीमाभागातील हजारो मराठी बायका या योजनेचा लाभ घेतात. शेतात राबणाऱ्या, बाजाराला भाजी नेणाऱ्या, दवाखान्याला जाणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त लांब, एकट्याने जाऊ लागल्या. सरकारने तिकिटाची अडचण दूर केली. त्याच बाईला गाडीची पाटी वाचता यावी, ही त्याच्या पुढची पायरी नव्हे काय?

आकडा सर्वांचा

बेंगळुरूला गेलेल्या आपल्या पोरांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथला केंपेगौडा विमानतळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटर दूर आहे. मे २००८ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून शहराच्या परिवहन मंडळाच्या 'वायू वज्र' नावाच्या बस विमानतळ आणि शहर यांच्यामध्ये धावतात. त्या प्रत्येक मार्गाला क्रमांक आहे. 'केआयए ९' म्हणजे मॅजेस्टिक. 'केआयए ८' म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिटी. 'केआयए ५' म्हणजे बनशंकरी. आपल्या येळ्ळूरचा किंवा कडोलीचा मुलगा पहिल्यांदा नोकरीला जातो तेव्हा त्याला मित्र फोनवर एवढेच सांगतो, "नऊ नंबरमध्ये बस आणि मॅजेस्टिकला उतर." काम भागते. तमिळ मुलगा, बिहारी मजूर, परदेशी पाहुणा, सगळ्यांचे त्याच आकड्यावर भागते. कन्नडचे त्यात काहीच कमी होत नाही. गाडीवर कन्नड ठळकपणे असतेच.

म्हणजे ही व्यवस्था कर्नाटकातच आहे, कर्नाटकाच्याच परिवहन मंडळाने ती केलेली आहे. कोणी महाराष्ट्राकडून आणून ती लादायची नाही. राजधानीत परप्रांतीय अभियंत्यांसाठी जे सुचले, ते बेळगाव तालुक्यातील स्वतःच्या नागरिकांसाठी का सुचू नये? सांबरा रस्त्यावरून शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मोठा, लांबून दिसणारा, सर्वांना वाचता येणारा आकडा आणि त्याखाली तिन्ही लिप्यांत मुक्कामाचे नाव, एवढीच ही मागणी आहे. यासाठी सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

दोन प्रकारच्या पाट्या

इथे आपणही एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. पाटी म्हटले की आपले रक्त उसळते. येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला आणि घराघरांत शिरून लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला 'बेळगाव'चे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. ही जखम ताजी नसली तरी भरलेलीही नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हा लढा चालू आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

येळ्ळूरची पाटी ही ओळखीची पाटी होती. 'आम्ही कोण' हे ती सांगत होती. तिच्यावरून वाद होणे समजू शकते, कारण दोन्ही बाजूंच्या अस्मितेचा तिथे संबंध येतो. बसवरची पाटी ही वाटेची पाटी आहे. 'ही गाडी कुठे जाते' एवढेच ती सांगते. मुतग्याचे नाव देवनागरीत लिहिल्याने मुतगे महाराष्ट्रात जात नाही आणि केवळ कानडीत लिहिल्याने तेथील मराठी माणूस कानडी होत नाही. मात्र एका माणसाची गाडी चुकते, एवढे नक्की.

आपण या दोन पाट्यांची गल्लत केली आणि राज्यकर्त्यांनीही केली. आपण वाटेच्या पाटीची मागणी केली की त्यांना त्यात ओळखीची पाटी दिसते. आणि आपणही कधी कधी म्हातारीच्या सोयीपेक्षा घोषणेला जास्त महत्त्व दिले. निवेदनात शेवटच्या ओळीत 'बसच्या पाट्या मराठीत हव्यात' असे जोडून आपण मोकळे झालो. कोणत्या मार्गावर, कोणत्या थांब्यावर, कोणाची कशी अडचण होते, याची यादी करून कोणी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवल्याचे फारसे ऐकिवात नाही.

पहिली बंद पडते ती बस

बस ही दुबळ्याची सवारी. ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याला टॅक्सी परवडते, ज्याला न्यायला माणूस येतो, त्याला बसच्या पाटीशी कर्तव्य नसते. आणि दोन राज्यांत ठिणगी पडली की पहिली बंद पडते तीही बसच. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या वाहनांवर हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ दगडफेक झाली आणि बससेवा थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच सांबरा रस्त्याच्या टापूत, बाळेकुंद्री परिसरात, तिकीट देताना मराठी-कन्नड बोलण्यावरून वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. तिकडे महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला चित्रदुर्गजवळ त्रास देण्यात आला. दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवर अडकल्या. विमाने मात्र त्या दिवसांतही उडत होती.

कंडक्टरवर हात टाकणे हे कोणत्याही भाषेच्या प्रेमाचे लक्षण नव्हे, ते निषेधार्हच आहे. तो बिचारा दिवसभर शेकडो माणसांशी बोलतो. त्याची बदली कुठून कुठे होते त्यावर त्याचा ताबा नसतो. रायबागचा माणूस खानापूर मार्गावर येतो, खानापूरचा दुसरीकडे जातो. त्याला मराठी येत नसेल तर तो त्याचा गुन्हा नाही, जसे मावशीला कानडी वाचता न येणे हा तिचा गुन्हा नाही. पण ज्या व्यवस्थेने या दोघांना एका गाडीत आणून सोडले, तिने त्यांच्यामध्ये एक वाचता येणारी पाटी ठेवली असती तर निम्मी वादावादी झालीच नसती. गाडीत होणारी बहुतेक भांडणे भाषेच्या अभिमानातून सुरू होत नाहीत. ती 'ही गाडी कुठं जाते' आणि 'इथं का थांबवली नाही' यातून सुरू होतात. भाषा नंतर त्यात ओढली जाते.

अधिकार काय आहेत

आता कायद्याचे पाहू. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, त्या केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. म्हणजे बसच्या पाटीची तक्रार आपण शुद्ध मराठीत लिहून आगारप्रमुखाकडे देऊ शकतो. 'कन्नडात लिहून आणा' असे म्हणून ती परत करता येत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब हे अनुच्छेद जोडले. पहिला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयी आहे. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली.

त्याच वर्षी केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबाबत एक निवेदन प्रसिद्ध केले. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ ते २० टक्के असेल, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना, मतदार याद्या, शिधापत्रिका इत्यादी त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी भाषिकांचे प्रमाण याच्या कितीतरी वर आहे. बसच्या पाटीचा उल्लेख त्या निवेदनात नाही, हे मान्य. पण ज्या हेतूने ते लिहिले गेले तो हेतू बसला लागू होत नाही असे कोण म्हणेल? मतदार यादी पाच वर्षांतून एकदा वाचायची असते, बसची पाटी रोज.

कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. दुकाने, उद्योग, दवाखाने यांच्या फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी आणि कन्नड वरच्या भागात असावे, असे त्यात ठरले. या कायद्यावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली, ती योग्यच होती. पण त्याच गणिताने पाहिले तर चाळीस टक्के जागा इतर भाषांसाठी मोकळी राहते. बसच्या पाटीवर कन्नड वर असू दे, मोठे असू दे. खालच्या चाळीस टक्क्यांत देवनागरी आणि इंग्रजी सुखाने मावतात. कन्नडचा मान राखून ही गोष्ट होऊ शकते.

अक्कलकोटची आज्जी

ही मागणी करताना आपले हात स्वच्छ असायला हवेत. महाराष्ट्रात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या तालुक्यांत कन्नड बोलणारी पुष्कळ माणसे आहेत. तिथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्या शाळेत शिकलेली एखादी आज्जी सोलापूरच्या स्टँडवर उभी राहिली तर तिला एस. टी.ची मराठी पाटी किती वाचता येत असेल? तिचे आणि आमच्या मावशीचे दुःख एकच. दोघींनाही लोक हाक मारतात तीसुद्धा एकाच शब्दाने, 'आज्जी'. महाराष्ट्राने जत-अक्कलकोटच्या गाड्यांवर कन्नड अक्षरे लावली, तर बेळगावात देवनागरी मागणाऱ्यांचे तोंड कोणी बंद करू शकणार नाही. मुंबईत बसून सीमाभागाविषयी कळवळा दाखवणाऱ्या पुढाऱ्यांनी ही सुरुवात करून दाखवावी. खर्च रंगाच्या डब्याचा आहे.

आपण काय करावे?

सरकार करील तेव्हा करील. तोवर वाचकांनी पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते.

पहिली : तक्रार करताना नेमकी करावी. 'पाट्या मराठीत नाहीत' एवढे लिहून भागत नाही. तारीख, वेळ, थांब्याचे नाव, गाडीचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे जायचे होते आणि काय झाले, हे लिहावे. निवेदनाची प्रत ठेवावी आणि पोच घ्यावी. दहा नेमकी निवेदने ही शंभर सह्यांच्या एका मोघम निवेदनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दुसरी : सांबरा, निलजी, मुतगा, बसवण कुडची आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून विमानतळासमोरच्या थांब्यावर एक फलक मागावा. त्यावर 'शहराकडे जाणारी गाडी या बाजूला', 'बागलकोटकडे जाणारी गाडी पलीकडे' असे बाणासह तिन्ही लिप्यांत लिहावे आणि पहिल्या व शेवटच्या गाडीची वेळ द्यावी. विमान उशिरा आले की रात्री वडापवाले आणि टॅक्सीवाले मागतील ते द्यावे लागते. शेवटची गाडी केव्हाची, एवढे कळले तरी माणूस त्या हिशेबाने निघतो.

तिसरी : विमानाने येणाऱ्या वडीलधाऱ्यांना मुलांनी तिकिटासोबत एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर 'मध्यवर्ती बसस्थानक, बेळगाव' असे एका ओळीत मराठीत आणि खाली कन्नडात लिहावे. कंडक्टरला दाखवली की बोलाचाली न होता काम होते. ही लाचारी नव्हे, व्यवहार आहे.

आणि चौथी, जी काहींना रुचणार नाही : आपल्या रोजच्या मार्गावरची नावे कन्नड लिपीत वाचायला शिकावीत. कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मीत आहे. वर्णमालेचा क्रमही तोच, क ख ग घ. कन्नडात ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' यांना वेगळी अक्षरे आहेत एवढाच मोठा फरक. मराठी येणाऱ्याला महिनाभरात पाट्या वाचण्याइतके कन्नड सहज येते. लिपी शिकल्याने कोणी आपली भाषा सोडत नाही. आपल्या आजोबांनी मोडी शिकली होती, वडिलांनी इंग्रजी शिकली, त्यांची मराठी कुठे गेली? उलट जो दोन्ही पाट्या वाचतो, त्याच्या मागणीला 'यांना शिकायचेच नाही' असे उत्तर देता येत नाही.

मावशीला हा चौथा मुद्दा सांगितला तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "शिकेन की. वही आण." दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूरची गाडी मिळेपर्यंत तिने आमच्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलीला बोलावून घेतले. त्या दहा वर्षांच्या मुलीने मावशीच्या वहीत बेळगाव, खानापूर, सांबरा अशी नावे लिहून दिली आणि मावशीने प्रत्येक नाव पाच-पाच वेळा गिरवले. शाळेत ती पोरांकडून गिरवून घेत असे, अगदी तसेच. मुलगी ऐटीत तिच्या चुका दाखवत होती.

जाताना स्टँडवर तिने समोरच्या गाडीची पाटी बोट ठेवून वाचली, "खा... ना... पू... र." बरोबर होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सत्तराव्या वर्षी त्यांची अक्षरं शिकले. आता त्यांना सांग, पाटीवर आमची चार लिहा म्हणावं."

निरोप पोचवायचे काम तिने माझ्यावर सोपवले. ते या लेखाने केले आहे. आता निवेदने लिहिण्याचे काम वाचकांचे.